अपग्रेडचा किडा आणि घाटाचा उतार

माउंटन बाइक घेऊन सहा महिने झाले की डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. 'हिचे गियर बदलले तर?' मग रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर बारा स्पीडचे सेट, सोनेरी चेन, रंगीत पेडल्स असं सगळं बघणं सुरू होतं. कार्टमध्ये सामान पडतं, निघतं, परत पडतं. स्टायपेंड, पॉकेटमनी आणि दिवाळीत हातावर पडणारे पैसे यांची बेरीज होते. एक दिवस कुरिअर येतं. पार्ट हातात, सायकल समोर आणि कळतं की हा पार्ट आपल्या सायकलला बसतच नाही!

किडा वाईट नाही. उलट आपल्या सायकलमध्ये काय काय आहे हे समजून घ्यायचा तो सगळ्यात भारी रस्ता आहे. गडबड होते ती क्रमात. चकचकीत दिसतं ते आधी बदललं जातं आणि जीव ज्याच्यावर अवलंबून आहे ते तसंच राहतं. नवे गियर, नवं हँडल, मॅचिंग ग्रिप आणि ब्रेक पॅड मात्र घासून घासून बिस्किटाच्या कागदाएवढे पातळ. अशी सायकल सिंहगडाचा उतार उतरताना कशी दिसते याची कल्पना करा. म्हणून आजचा विषय : कोणता पार्ट आधी, कोणता नंतर आणि कोणता कधीच नाही.

जन्मच मुळी जुगाडातून

माउंटन बाइक नावाची वस्तू एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मॅरिन काउंटी नावाच्या डोंगराळ भागात काही पोरांनी जाड टायरच्या जुन्या, जड सायकली उचलल्या आणि त्या मातीच्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. या सायकलींना मागे पेडल दाबलं की लागणारा हबमधला ब्रेक होता. एका उतारावर तर सुमारे ३ किलोमीटरमध्ये जवळपास ४०० मीटर खाली यायचं. खाली पोचेपर्यंत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. मग प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवीन ग्रीस भरायचं, म्हणजे 'रिपॅक' करायचं. त्या उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे पहिली शर्यत झाली.

आता गंमत बघा. या मंडळींनी आधी काय बदललं? जे तुटत होतं, जळत होतं ते. ड्रम ब्रेक आले, मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आले, चढ चढता यावा म्हणून गियर आले. फ्रेमला तडे जायला लागले तेव्हा जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवायला घेतली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने कंपनीच काढली. म्हणजे पार्ट बदलणं हा या सायकलचा मूळ स्वभाव आहे. पण त्यात एक शिस्त होती : डोंगराने जे मोडून दाखवलं ते बदलायचं. आपणही तिथूनच सुरुवात करू.

पहिला नंबर ब्रेकचा

चाक फिरवा आणि टॉर्च मारून कॅलिपरच्या फटीतून बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड दिसतील. धातूच्या पट्टीवर जो घासला जाणारा थर असतो तो १ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर बाकीची सगळी खरेदी थांबवा. ही काही शे रुपयांची गोष्ट आहे आणि ती पुढे ढकलण्यासारखी नाही.

पॅड दोन प्रकारचे मिळतात. रेझिनचे शांत असतात, लगेच पकडतात, पण पाऊस आणि चिखल लागला की भराभर झिजतात. मेटलचे (दुकानात सिंटर्डही म्हणतात) थोडा आवाज करतात, पण ओल्यात आणि लांब उतारावर जास्त टिकतात. 'मग मेटलच घेऊ ना!' थांबा. आधी डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा. स्वस्त सायकलींच्या बऱ्याच डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. अशा डिस्कचं पोलाद मऊ असतं, मेटलचे पॅड तिला खाऊन टाकतात. म्हणजे मेटल पॅड हवे असतील तर डिस्कही बदला. ती घेताना सहा स्क्रूची की सेंटरलॉकची ते बघा, दोन्ही एकमेकांच्या हबवर थेट बसत नाहीत.

नवीन पॅड लावून थेट घाटात जायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या, ब्रेक दाबून वेग कमी करा, पण चाक पूर्ण थांबवू नका. असं वीसेक वेळा केलं की पॅडचा थर डिस्कवर नीट बसतो. ब्रेकची खरी ताकद त्यानंतर येते.

केबलवर चालणारे डिस्क ब्रेक काढून हायड्रॉलिक लावणं हा बजेट सायकलवरचा सगळ्यात पैसावसूल बदल आहे. दोन बोटांत सायकल थांबते, हात भरून येत नाहीत. पण यात तीन खाचखळगे आहेत. एक, अनेक सायकलींवर ब्रेक लिव्हर आणि गियरचा शिफ्टर एकाच तुकड्यात असतात. ब्रेक बदलला की शिफ्टरही बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरा. दोन, तेल. शिमानो, टेक्ट्रो, मगुरा यांचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉट फ्लुइडवर. तुमच्या मोटरसायकलवाल्या मित्राकडे डॉटची बाटली असेल, पण ती मिनरलच्या ब्रेकमध्ये ओतली तर आतली रबरी सील फुगून ब्रेक कामातून जातो. तीन, चाक बाहेर काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.

आणि ज्यांच्या सायकलला साधे रिम ब्रेक आहेत त्यांच्यासाठी : फ्रेमवर डिस्कचा कॅलिपर बसवायची जागाच नसेल तर वेल्डिंग करून पट्टी लावून घेऊ नका. त्या जागची नळी तो जोर सोसायला बनलेली नसते. चांगले ब्रेक शू आणि नवीन केबल टाका, फरक जाणवेल.

टायर : कमी पैशात नवी सायकल

पॅडनंतर टायर. जमिनीला तुमच्या सायकलचा एवढाच भाग टेकतो. तुमची सायकल रोज डांबरावरून कॉलेजला जाते आणि फक्त रविवारी टेकडीवर, तर मोठ्या गाठींचं टायर म्हणजे रोजची फुकट मेहनत. मधोमध सलग नक्षी आणि कडेला गाठी असलेलं टायर घ्या. पावसाळ्यातल्या चिखलासाठी मात्र गाठी लांब आणि एकमेकींपासून दूर हव्यात, नाहीतर काळी माती त्यात अशी बसते की टायरचा भाकरीचा गोळा होतो.

साइज घेताना 'सव्वीस', 'साडेसत्तावीस', 'एकोणतीस' यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला ५४-५८४ असा एक जोड आकडा असतो. पहिला रुंदी, दुसरा रिमवर जिथे टायर बसतं तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सव्वीससाठी दुसरा आकडा ५५९, साडेसत्तावीससाठी ५८४, एकोणतीससाठी ६२२. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडं वरखाली चालतं, पण आधी फ्रेम आणि टायर यांच्यात किती जागा आहे ते बघा. चिखल लागला की टायर आणखी जाड होतं हे धरून!

हवेचंही तसंच. टायरवर लिहिलेला जास्तीत जास्त दाब म्हणजे तेवढीच हवा भरायची असं नाही. खडकाळ वाटेवर थोडी कमी हवा बरी, पकड वाढते आणि हादरे कमी बसतात. पण ट्यूब असेल तर फार कमी केलीत की दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आणि आपल्याकडचा खास शत्रू : बाभळीचा काटा. टेकडीवर नेहमी जात असाल तर ट्यूबलेस हा बदल खरंच उपयोगी आहे. आतला चिकट द्रव छोटं भोक जागच्या जागी बुजवतो. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसला चालणारे हवेत. शिवाय आपल्या उन्हात तो द्रव लवकर सुकतो, दोन-तीन महिन्यांनी तपासून वर टाकावा लागतो. एवढं लक्ष देणं होणार नसेल तर सरळ ट्यूब, एक जादाची ट्यूब आणि पंप. त्यातही काही कमीपणा नाही.

गियर अडकतोय? आधी केबल

आता येऊ सगळ्यांच्या लाडक्या विषयाकडे. 'गियर नीट पडत नाहीत, सेट बदलायचाय.' दहातल्या बऱ्याच वेळा दोष सेटचा नसतो. गंजलेली केबल आणि आत माती गेलेली तिची नळी बदलली की तोच डिरेल्युअर नव्यासारखा चालतो. तरी नाही जमलं तर मागून डोळा लावून हँगर बघा. डिरेल्युअर ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो हँगर. सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो. तो मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो. म्हणून सायकल नवी असतानाच एक जादाचा घेऊन ठेवा.

मग चेन मोजा. कंपासपेटीतली पट्टी पुरेल, फक्त इंचवाली बाजू वापरा. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक षोडशांश इंच पुढे सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर त्या चेनने मागची दातेरी चक्रंही खाल्ली आहेत, आता दोन्हींचा खर्च. एकटी चेन वेळेवर बदलणं हीच सायकलवरची खरी बचत.

बारा स्पीडचं गणित

एवढं करूनही नवीन सेट हवाच असेल तर एक ठरलेलं उदाहरण घेऊ. एकवीस गियरची सायकल. पुढे तीन चक्रं : ४२, ३४, २४ दाते. मागे सात : १४ ते २८. सगळ्यात हलका गियर म्हणजे पुढे २४, मागे २८. भागाकार करा : ०.८६. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ वेळा फिरतं. हा आकडा जेवढा लहान तेवढा चढ सोपा.

आता फॅशन आहे पुढे एकच चक्र ठेवायची. २०१२ मध्ये स्रॅमने पुढे एक-मागे अकरा असा सेट आणला आणि हळूहळू सगळं जग तिकडे वळलं. दिसायला मस्त, पुढचा शिफ्टर गेला, चेन पडणंही कमी. पण तुम्ही पुढे ३२चं एक चक्र आणि मागे आठ स्पीडची ११ ते ३४ कॅसेट टाकलीत तर सगळ्यात हलका गियर होतो ३२ भागिले ३४, म्हणजे ०.९४. पैसे खर्च करून चढ आणखी अवघड केलात! बारा स्पीडची १० ते ५१ कॅसेट घेतली तर ३२ भागिले ५१, म्हणजे ०.६३. भिंत चढल्यासारखं चढाल. पण त्यासाठी काय काय बदलावं लागेल ते बघा.

एकवीस गियरच्या बहुतेक सायकलींना मागे कॅसेट नसतेच, फ्रीव्हील असतं. ते हबवर आट्यांनी बसतं. कॅसेट खाचांच्या फ्रीहबवर सरकवून बसवतात. म्हणजे फ्रीव्हीलवाल्याला हब बदलायचा, म्हणजे पूर्ण चाक. शिमानोच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या बारा स्पीड कॅसेटला 'मायक्रो स्प्लाइन' नावाचा वेगळाच फ्रीहब लागतो, जुन्या शिमानो फ्रीहबवर ती बसत नाही. मग बारा स्पीडचा शिफ्टर, डिरेल्युअर, चेन आणि पुढचं चक्र. बेरीज केलीत तर पंधरा हजारांच्या सायकलमध्ये जवळपास दुसरी सायकल ओतल्यासारखं होईल.

मग मधला रस्ता? सात स्पीडचंच १४ ते ३४ फ्रीव्हील मिळतं. पुढे २४, मागे ३४ म्हणजे ०.७१. तेच चाक, तेच शिफ्टर. फक्त तुमचा डिरेल्युअर ३४ दाते पेलतो का ते बघायचं, नसेल तर तो बदलायचा आणि चेन थोडी लांब घ्यायची. इन्स्टावर कोणी लाइक करणार नाही, पण घाटात पाय जमिनीवर टेकणार नाही.

एकच पार्ट वरच्या दर्जाचा घ्यावासा वाटला तर शिमानोची उतरंड माहीत असू द्या : टोर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. देओरेपर्यंत जास्तीच्या पैशांत काम सुधारतं, त्याच्या वर बराचसा पैसा वजन कमी करायला जातो. आणि सगळे एकमेकांशी जुळतात असं अजिबात नाही. माउंटन बाइकचा शिमानो नऊ स्पीडचा डिरेल्युअर दहा स्पीडच्या शिफ्टरशी जुळत नाही, कारण शिफ्टर एका 'टिक'ला किती केबल ओढतो ते वेगळं आहे. २०२३ मध्ये आलेल्या क्यूज या नव्या मालिकेत नऊ, दहा, अकरा स्पीडचे पार्ट आपसात बरेच जुळतात, पण जुन्या पार्टशी त्यांचं लग्न लावू नका.

सस्पेन्शन : इथे सावध

पुढचा फोर्क, म्हणजे आपल्या सायकलवाल्यांच्या भाषेत चिमटा, हा सगळ्यात महागडा मोह. घेताना पाच गोष्टी जुळायला हव्यात : चाकाची साइज, एक्सल, ब्रेक बसवायची जागा, वर फ्रेममध्ये जाणारी नळी सरळ आहे की खाली रुंद होणारी, आणि ट्रॅव्हल म्हणजे फोर्क किती दबतो ते. 'जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त मजा' हा समज सोडा. साधारण २० मिलिमीटर ट्रॅव्हल वाढला की सायकलचा पुढचा कोन जवळपास एक अंशाने पडतो. चढावर पुढचं चाक भटकायला लागतं आणि फ्रेमच्या डोक्यावर तिला न झेपणारा ताण येतो. फ्रेम ज्या मापासाठी बनली त्याच मापाचा फोर्क घ्या.

माझा साधा हिशेब असा : करायच्या बदलांची बेरीज सायकलच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेली की थांबायचं. ती सायकल नीट ठेवा किंवा विका आणि वरच्या दर्जाची सेकंड हँड बघा. सेकंड हँड घेताना क्रँकखालचा फ्रेम नंबर खोडलेला नाही ना, बिल आहे ना हे बघा. कोणाची तरी चोरीची सायकल आपल्या घरात नको.

फुकटातले आणि स्वस्तातले

सगळ्यात शेवटी ते, जे खरं तर उद्याच करता येईल. सीटची उंची. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. गुडघेदुखीच्या कितीतरी तक्रारी इथेच संपतात. ग्रिप बदला, पिना असलेले सपाट पेडल लावा, चप्पल-बूट घसरणार नाहीत. पेडल काढताना लक्षात ठेवा : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलंत तर क्रँकचे आटे गेलेच म्हणून समजा. बहुतेक माउंटन बाइकच्या क्रँकच्या बेअरिंगला उजव्या बाजूला उलटे आटे असतात. ते काम मात्र योग्य पाना असलेल्या दुकानातच करून घ्या, आणि करताना शेजारी उभं राहून बघा. चाकाचा आउट काढताना, केबल ओढताना मेकॅनिकचे हात बघून जे कळतं ते दहा व्हिडीओंतून कळत नाही.

ऑर्डर देण्याआधी

• टायरवरचा जोड आकडा आणि फ्रेममधली मोकळी जागा.
• मागचं चाक : दातेरी चक्रं उलटी फिरवा. मधली पाना लावायची खाच सोबत फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील.
• डिस्क : सहा स्क्रू की सेंटरलॉक, व्यास किती, 'रेझिन ओन्ली' लिहिलंय का.
• ब्रेकचं तेल : लिव्हरच्या झाकणावर लिहिलेलं असतं.
• सीटपोस्टवर कोरलेला आकडा : २७.२, ३०.९, ३१.६ वगैरे. पॉइंटनंतरचा आकडाही महत्त्वाचा.
• शिफ्टर आणि डिरेल्युअर एकाच कुटुंबातले आणि तेवढ्याच स्पीडचे आहेत ना.
• काढलेला जुना पार्ट चालू असेल तर भंगारात नको, कॉलेजातल्या कोणाच्या तरी सायकलला तो हवाच असतो.

तर या रविवारी कार्ट उघडण्याआधी टॉर्च आणि पट्टी घ्या. पॅड बघा, चेन मोजा, टायरवरचा आकडा कागदावर लिहा. अर्धा तास लागेल. त्यानंतरही बारा स्पीडचा सेट हवासा वाटला तर खुशाल घ्या. निदान तुमची सायकल उतारावर थांबेल याची खात्री तरी असेल.